एरिसच्या चंद्राचे नाव रंजनीस कसे कळले

प्रति,
मा. अध्यक्ष,
तुळजाई मराठी विद्यासभा,
चेन्नई

विषय : बालविज्ञान स्पर्धेच्या नोंदवहीत माझ्या कन्येच्या नावापुढे लिहिलेला ‘संशयास्पद’ हा शेरा रद्द होण्याबाबत.
संदर्भ : स्पर्धा, दि. ११ फेब्रुवारी २००७ व फेरपरीक्षा, दि. १८ फेब्रुवारी २००७.

महोदय,

मी गिंडी येथील एका लहान कारखान्यात हेडक्लार्क आहे. आमचे घराणे तंजावरचे. माझ्या मराठीत काही उणे दिसल्यास सांभाळून घ्यावे.

१. माझी कन्या कु. रंजनी (इयत्ता आठवी) हिने सदर स्पर्धेत ‘एरिस या बटुग्रहाच्या चंद्राचे नाव लिहा’ या प्रश्नास ‘डिस्नोमिया’ असे बरोबर उत्तर लिहिले. शेहेचाळीस मुलांत हे उत्तर तिचे एकटीचेच होते. या चंद्रास नाव मिळाले तेच मुळी गेल्या सप्टेंबरात. शाळेच्या पुस्तकांत तो नाही. म्हणून स्पर्धेचे चिटणीस श्री. देवेश यांनी तिला सर्वांदेखत विचारले, “हे तुला कुठून कळलं?” ती म्हणाली, “पेपरात वाचलं.” आमच्या घरी वर्तमानपत्रास पेपर म्हणतात. श्री. देवेश यांनी मात्र प्रश्नपत्रिका आधी पाहिल्याची कबुली म्हणून ते वाक्य नोंदवहीत उतरविले.

२. प्रश्नपत्रिका काढणारे श्री. मधुसूदन आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात व रंजनी त्यांच्या पत्नीकडे शिवण शिकावयास जात असे, हे मी नाकारीत नाही.

३. पहिले बक्षीस श्री. देवेश यांची भाची कु. अवनी हिला मिळाले. तिला अवघड उत्तरे कुठून कळली, असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तसेच श्री. मधुसूदन पूर्वी जिन्यात थांबून बोलत. हल्ली ते खाली पाहून निघून जातात. ते दोषी आहेत म्हणून नजर चुकवितात, की मीच त्यांच्याकडे तसा पाहतो म्हणून, याचा मला उलगडा झालेला नाही. रंजनीचे शिवण मी बंद केले आहे.

४. फेरपरीक्षेस तिला एकटीला खोलीत बसवून दोन पर्यवेक्षकांसमोर तोच प्रश्न पुन्हा देण्यात आला. तिने जागा कोरी सोडली. तिला उत्तर येतच नव्हते, असा निष्कर्ष समितीने काढला. घरी तिने आईस सांगितले, “लिहिलं असतं तर परत विचारलं असतं, कुठून कळलं म्हणून.”

५. सोबत गेल्या सप्टेंबरातील इंग्रजी वर्तमानपत्राचे कात्रण जोडले आहे. ते भूगोलाच्या वहीत चिकटविलेले होते. त्याच्या कडेवरून बाईंनी ऑक्टोबरात तारखेसह सही केलेली आहे. अर्थात ते मागाहून चिकटविलेले नाही.

६. हे कात्रण रंजनीने मला दिलेले नाही, हेही नमूद करणे माझे कर्तव्य आहे. दि. १५ रोजी ती शाळेतून येण्यापूर्वी मी तिचे कपाट उपसले. मी प्रश्नपत्रिका शोधत होतो. वह्या जमिनीवर पसरलेल्या असताना ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “अप्पा, मागितलं असतंत तर दिलं असतं.” त्यानंतर तिसऱ्या दिवशी फेरपरीक्षा होती.

७. सबब विनंती की, सदर शेरा खोडण्यात यावा. बक्षिसाची अपेक्षा नाही. त्या कोऱ्या जागेस समिती कारण झाली की मी, याची चौकशी व्हावयाची असल्यास माझा जबाब अवश्य घ्यावा. मी बोलावाल तेव्हा हजर राहीन. रंजनीस मात्र यापुढे कोणीही काही विचारू नये.

आपला नम्र व जबाबास बांधील,

(सही)
आर. शेषाद्री राव
गिंडी, चेन्नई
दि. २६ फेब्रुवारी २००७

सोबत : वर्तमानपत्राचे कात्रण, वहीच्या पानासह (पान मुलीचे असल्याने परत मिळावे).