अर्ध्या तासानंतरचं भाषण

मंगळवार, १४ तारीख

चि. भाचेबुवांना मामाचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. मामीचे गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांचं ऐकत नाही. तुझी आई चार दिवस राहून आज परत निघाली आहे; तिच्याच हाती हे पत्र देतोय. तिला काही विचारत बसू नकोस. मी फोनवर का येत नाही, असं तू मामीला पुन्हा पुन्हा विचारतोस. घसा बसलाय. लिहिता येतं, तेवढं पुरे.

तुझा प्रश्न मामीच्या मोबाइलवर वाचला. कंपन्यांचे कार्यक्रम, मुलाखती, लग्नं अशा कामांसाठी यापुढे फोटोच्या डीएसएलआर कॅमेऱ्यावरच भागवू की व्हिडिओ कॅमेराही ठेवू? जुना व्हिडिओ कॅमेरा बघायला शनिवारी गिऱ्हाईक येतंय, देऊन टाकू का? वर लिहितोस, ‘मामा, तुम्ही स्वतः माझे क्लायंट होतात, तुमचा अनुभव सांगा.’

सांगतो. बस खाली.

तू पाठवलेली फिल्म पाहिली. तीन मिनिटांची! वाचनालय पाडून तिथे वाहनतळ उभारायला निघालेल्यांविरुद्ध मी सव्वा तास बोललो आणि तू त्याखाली पियानो वाजवलास. मी काय साबण विकत होतो? माझं नाक लख्ख, कान धूसर आणि समोरचं सारं सभागृह म्हणजे रंगीत धुकं. ज्यांच्यासाठी घसा फोडला त्या माणसांना तू धुकं केलंस! मामी म्हणाली, ‘अहो, किती देखणे दिसताय!’ लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाली. पण देखणं दिसायला मी तिथे उभा नव्हतो.

पूर्ण भाषण मागितलं, तर अर्ध्या तासाची फाइल आली. खाली तुझा खुलासा: ‘डीएसएलआर अर्ध्या तासाने आपोआप थांबतो, पुन्हा बटण दाबावं लागतं. मी तेव्हा दुसऱ्या कॅमेऱ्याने खिडकीतल्या उजेडाचे फोटो घेत होतो. पण मेन मुद्दे आलेत, मामा.’

मेन मुद्दे! अरे, पहिल्या अर्ध्या तासात मी कधी काही बोलतो का? लहानपणापासून माझ्या सभांना पुढच्या रांगेत झोपत आलास, तुला एवढंही कळलं नाही? पहिला अर्धा तास मी माणसांना बसवतो. इतिहास सांगतो, आकडे सांगतो, खोकणाऱ्यांना खोकू देतो. खुर्च्या करकरायच्या थांबल्या की मग सुरू करतो. त्या दिवशीही तसंच झालं. मी सुरू केलं आणि मागून आमचा शिंपी उठला. जन्मभर माझ्या प्रत्येक सभेला येऊन मला आडवा जाणारा, ज्याला सगळे हरकतराव म्हणतात, तो.

‘पुस्तकं कोण वाचतंय आता? गाड्या कुठे लावायच्या ते सांगा!’

‘हरकतराव, तुमच्याकडे गाडी आहे?’

‘नाही!’

‘मग कोणाच्या गाडीसाठी कंठशोष करताय?’

‘माझ्या दुकानाच्या दारात लावतात, त्यांच्या!’

सभागृह हसून कोसळलं. मीही हसलो. आणि त्या हसण्यातूनच मी त्यांना धरलं. दुकानाच्या दारातून वाचनालयाच्या दारापर्यंत नेलं, हा ठराव कोणी आणि कोणासाठी आणला ते एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. शेवटी सगळे उभे होते. हरकतरावसुद्धा. तुझा कॅमेरा मात्र केव्हाच झोपला होता.

आणि जो अर्धा तास हाती लागला, त्यात तरी काय आहे? छतावरचा पंखा आणि पिंपातून आल्यासारखा माझा आवाज. मी बजावलं होतं, मोठा व्हिडिओ कॅमेरा आण. त्याला सभागृहाच्या माइकची वायर थेट जोडता येते, तो तासन्‌तास चालतो, मध्येच मान टाकत नाही. तू म्हणालास, ‘मामा, तो जुनाट दिसतो, क्लायंटवर छाप पडत नाही.’ छाप! डीएसएलआर वाईट नाही, हे मलाही दिसतं. अंगठी टिपायची, चेहरा टिपायचा, पुन्हा करून घेता येईल असं काही टिपायचं, तर खुशाल तो घे. पण बोलता माणूस तुझ्या बटणासाठी थांबत नाही.

मामी म्हणते, ‘एवढं दाबून लिहू नका, टेबलावर उमटतंय.’ तिला उत्तर देता येत नाही, म्हणून आणखी दाबून लिहितोय. ‘आता कसं, घरात माझी सभा!’ असं म्हणून हसली आणि आत गेली. मघापासून नळ वाहतोय. धुवायला भांडी नाहीत.

घसा बसलाय, असं वर लिहिलं. बसलेला घसा उठतो. हा उठणार नाही. येत्या सोमवारी रुग्णालयात दाखल व्हायचंय, दुसऱ्या दिवशी स्वरयंत्र काढणार. जगेन, जेवेन, भांडेनही. पण या आवाजात नाही. हे मला सभेच्या आधीच ठाऊक होतं.

आता तू म्हणशील, ‘मामा, आधी सांगायचं ना!’ नेमकं हेच मला ऐकायचं नाही. सांगितलं असतं तर चार कॅमेरे लावले असतेस, खिडकीकडे ढुंकूनही पाहिलं नसतंस. म्हणजे तुझ्याकडून नीट काम करून घ्यायला माणसाने आधी आपलं दुखणं दाखवायचं? प्रत्येक कार्यक्रमात विचारणार आहेस का, की इथे कोण शेवटचं बोलतंय, हात वर करा? अरे, पुष्कळदा ते त्याचं त्यालाही माहीत नसतं! म्हणून प्रत्येकासमोर पूर्ण वेळ उभं राहायचं. यापलीकडे तुझ्या धंद्यात शिकण्यासारखं काही असेल तर मला कळव.

तेव्हा शनिवारच्या गिऱ्हाइकाला नाही म्हण आणि रविवारी दुपारी व्हिडिओ कॅमेरा घेऊन ये. डॉक्टरीणबाईंनी एकदाच बोलायची परवानगी दिली आहे, तीही बसून आणि हळू. बसेन. हळूचं बघू. ते भाषण पुन्हा करणार नाही. ते गेलं, आणि ते तुझ्या खात्यावर गेलं. भिंतींशी बोलणारा मी नव्हे, म्हणून हरकतरावांना निरोप धाडलाय. ते म्हणाले, ‘येतो, पण पटलं नाही तर ओरडणार.’ तेवढ्यासाठीच बोलावलंय. वाचनालय पाडायचा ठराव अजून मंजूर झालेला नाही. पुढच्या सभेत मी व्यासपीठावर तोंड मिटून बसलेला असेन आणि रविवारचं हे बोलणं सगळ्यांना ऐकवायचं असेल. आवाज स्वच्छ हवा. पियानो नको.

रडत येणार असशील तर येऊ नकोस. हेडफोन कानाला लाव आणि मी उठेपर्यंत कॅमेऱ्यामागून हलू नकोस.

सोमवारपर्यंत वक्ता
आणि त्यानंतर नुसता तुझा,
मामा