जावयाला मानवलेलं घर

।। श्री ।।
कन्नड, २४ मे २०२६

चि. दीपमाला हीस केसरआत्याचे अ. आ.

पत्र बघून हसशील. पण तू बांधून दिलेल्या या घरात चौकात कुजबुजलं तरी माडीवर ऐकू जातं, म्हणून फोन करता येत नाही. जब्बारभाईंच्या जीपबरोबर पाकीट पाठवतेय, उत्तर त्यांच्याच हाती दे.

घर लई गुणाचं निघालं, हेच दुखणं आहे. तुझ्या त्या जाड भिंती, रात्री खिडक्या उघडायच्या, उजाडलं की लावून घ्यायच्या, गरम हवा वरच्या झरोक्यातून बाहेर. रस्त्यावर डांबर वितळतंय आणि आत दुपारी पांघरूण लागतं. धोंड्याचा महिना म्हणून रूपालीला आणि जावईबापूंना दोन दिवस बोलावलं. शेंद्र्याला त्यांच्या खोलीवर पत्रे. सोमनाथराव धोंडे खाऊन आडवे झाले ते अजून जायचं नाव काढत नाहीत. रजा वाढवली, वर आईवडिलांनाही बोलावून घेतलं. गार खोल्या त्यांच्याकडे, आम्ही दोघं गोठ्यात म्हशींजवळ. अधिकात जावयाला जा म्हणता येत नाही, एरवी तरी कुठं येतं? माझी खाट मला परत मिळेल असं काही कर.

तुझी, केसरआत्या

औरंगपुरा, २७ मे

ती. सौ. केसरआत्यास दीपमालाचा सा. न. वि. वि.

हे माझं पहिलंच घर, आत्या. लोक बिघडलेलं घर सुधारायला सांगतात, तू चांगलं घर बिघडवायला सांगतेस. छातीवर दगड ठेवून लिहिते: दिवसा सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेव, रात्री बंद कर आणि झरोक्यात गोधडी कोंब. भिंती दिवसभर तापल्या की रात्रभर ऊब सोडतील, पाहुणे आपणहून उठतील. मी सुचवलं असं कुणाला सांगू नको, माझा धंदा बसेल.

तुझी, दीपमाला

कन्नड, २ जून

चि. दीपमालास अ. आ.

तू म्हणालीस तसं केलं. घराचा तवा झाला. विहीणबाई पदरानं वारा घेऊ लागल्या, मी आनंदानं त्यांच्या वाटेसाठी अनारसे बांधायला घेतले. तेवढ्यात जावईबापू उठले, शिडी लावून वर चढले आणि गोधडी घेऊन उतरले. म्हणाले, मामी, तुम्हाला वयोमानानं ध्यानात राहत नाय, आता हे घर मी सांभाळतो. तेव्हापासून कंपनीत पाळी लावावी तसे वेळेवर खिडक्या लावतात, उघडतात, चौकात पाणी मारतात. घर पहिल्यापेक्षा गार झालंय. मला रडू आलं, तर विहीणबाईंना वाटलं जावयाच्या कौतुकानं.

केसरआत्या

औरंगपुरा, ४ जून

ती. सौ. आत्यास सा. न.

रडू नको. शेंद्र्याला सोमनाथरावांची जागा पडून आहे ना? तिथं अगदी असंच घर बांधायचा नकाशा सोबत पाठवतेय, माझ्याकडून भेट. तो त्यांना दाखव. स्वतःचं गार घर मिळतंय म्हटल्यावर तुझ्या खाटेवर कशाला लोळतील?

दीपमाला

कन्नड, ८ जून

चि. दीपमालास अ. आ.

नकाशा दाखवला. जावईबापू इतके हरखले की त्यांनी आमच्या दोघांच्या पाया पडून तुझंही नाव घेतलं. व्याह्यांनी पेढे वाटले. खरं सांगते, रूपालीला इतकं खुशीत बघून मलाही बरं वाटलं. मग सोमनाथराव म्हणाले, आता पत्र्याखाली परत जायचं कशाला, शेंद्र्याचं घर बांधून होईस्तोवर आम्ही सगळे इथंच राहतो.

लोभ असू दे, पण आधी गवंडी पाठव.

तुझी, गोठ्यातून, केसरआत्या