जड चाकांचा सल्ला

गाझियाबाद, फेब्रुवारी २०००

आदरणीय बळवंतदादा,

कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. नागपुरात तुमची प्रकृती ठणठणीत असेलच. वजनही उतरलं नसावं अशी आशा आहे (कारण पुढे येईल). तुमच्या भगिनी कुमुद यांनी माझ्याशी अबोला धरला आहे, त्यामुळे घरात शांतता आहे.

दिवाळीत तुम्ही आमच्या नव्या गाडीला ‘पाप्याचं पितर’ म्हणालात. चाकं जड हवीत, म्हणजे गाडी रस्ता धरते, असं सांगून करोल बागेतून जाडजूड चाकं बसवून घेतलीत. घरी येताना तुम्ही मागच्या सीटवर होतात आणि गाडी खरंच मऊ चालली. आम्ही तुमच्या विद्वत्तेपुढे मान तुकवली. तुम्ही नागपूरला गेलात आणि गाडी बेडकासारखी उड्या मारू लागली.

परवा ग्वाल्हेरहून शालिनीताई चेतनाला पाहायला आल्या. (त्यांचा मानस आणि आमची चेतना यांचं केव्हाच ठरलंय; होकार यायचा होता तो फक्त बाईंचा.) त्यांना स्टेशनवरून आणायला मी हौसेने हीच गाडी नेली. बाईंच्या मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा. यमुनेपलीकडे रस्ता खणलेला (प्रगती चालू आहे). घरी डबा उघडला, तर लाडवांचं पुन्हा बेसन झालेलं! “गाडी अशी, तर माणसं कशी असतील?” म्हणाल्या आणि चहासुद्धा उभ्यानेच घेतला. चेतना आत रडत होती. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, मला फार वाईट वाटलं.

मानस मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तो म्हणाला, “काका, स्प्रिंगच्या वरचं वजन स्प्रिंग सांभाळते. चाक बिल्कुल खाली, त्याला कोण सांभाळणार? जड चाक खड्ड्यात उसळलं की आवरत नाही, धक्का सरळ वर देतं. खाली हलकं पाहिजे. वर वजन असलं तर उलट धक्के कमी.” म्हणजे दादा, तुमचं शास्त्र बरोबरच होतं, फक्त उलटं टांगलेलं होतं.

मानसने आईचं कसंबसं मन वळवलंय. येत्या रविवारी त्या पुन्हा येताहेत, ही शेवटची संधी. वहिनींना नमस्कार.

आपला,
भालचंद्र

ता. क. : आमची जुनी हलकी चाकं ‘भंगारात टाकतो’ म्हणून तुम्ही रेल्वेने नागपूरला नेलीत. ती तुमच्या गाडीला झकास बसल्याचं वहिनींनी कुमुदला कळवलंय. कृपया परत पाठवावीत.

आणखी एक : चाकं वेळेत पोचणार नसतील, तर तुम्ही स्वतः या. बोलायचं काही नाही, शालिनीताईंच्या शेजारी नुसतं बसायचं. स्प्रिंगच्या वर ठेवायला एवढं वजन आपल्या नात्यात दुसऱ्या कुणाचं नाही. जेवायला मात्र स्टेशनवर जायच्या आधीच वाढू.