माइकवरची सात वाक्यं

रविवार, ८ फेब्रुवारी

घसा पार बसला! साडेसहा तास माइक तोंडापासून खाली नाही. पण काय दिवस झाला! मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. पवननगरच्या गच्च्यांवरसुद्धा माणसं. फायनलला अंबडच्या कंपन्यांमधल्या पोरांची टीम आणि समोर इंजिनिअरिंग कॉलेजची. बक्षीस समारंभात कमिटीच्या भिमाजीअण्णांनी सगळ्यांसमोर जाहीरच केलं – "एक मार्चपासून जिल्हा लीग, आणि कॉमेंट्री आपल्या योगेश बोरस्तेंचीच!" यूट्यूबवर लाइव्ह जाणार! बावीस वर्षं टेनिस बॉलच्या मॅचेसना ओरडतोय. कंपनीत सुपरवायझर म्हणून मला दोन माणसं ओळखत असतील, पण रिक्षावाले आवाजावरून ओळखतात. आता जिल्हा ओळखेल.

जमलेली वाक्यं टिपून ठेवायची सवय आहे, पुढे कामाला येतात. बॅट्समन हर्षलवर – 'पिंपळगावचा कांदा, बॉलरच्या डोळ्यात पाणी!' हे जुनंच, पण चाललं. कॉलेजच्या टीममध्ये मोझेस म्हणून युगांडाचा पोरगा आहे. उंच, काय बॉलिंग! चार विकेट. त्याच्यावर आज डोकं भन्नाट चाललं. 'आली, आली, कोळशाची वखार पळत आली!' 'अंपायर, बॅटरी लावा, बॉलर सापडत नाहीये!' 'दात दिसले की समजायचं बॉल सुटला!' 'रोलर कशाला आणताय, पिचवर डांबर चालत आलंय!' 'हा साबण लावतो तेव्हा साबण काळा होतो!' 'ऊन कोणाला लागतंय ते बघा, यालाच उन्हाने हात जोडलेत!' सहा झाली. पब्लिक लोळत होतं.

पोरगाही खिलाडू वृत्तीचा! हशा झाला की माझ्या टेबलाकडे बघून हात हलवायचा. एकदा तर वाकून नमस्कार केला.

मोहिनी आणि तेजू, दोघी मायलेकी आल्या होत्या मॅचला. घरी येताना गाडीत दोघी गप्प. दमल्या असतील.

सोमवार, ९ फेब्रुवारी

हळद-मिठाच्या गुळण्या. दुपारी कंपनीत पोरांनी मोबाइलवर दाखवलं – मोझेसवरची माझी वाक्यं कोणीतरी जोडून एक क्लिप केलीय. चाळीस हजार लोकांनी पाहिली. चहा मलाच पाजावा लागला.

मंगळवार, १० फेब्रुवारी



भिमाजीअण्णांचा फोन. कॉलेजकडून कमिटीला लेखी तक्रार आलीय. मोझेसच्या सहीची. "बोरस्ते, प्रकरण वाढू देऊ नका. रविवारी मीटिंग आहे, त्यात लीगचं ठरवू." ठरवू म्हणजे काय? परवा तर जाहीर केलं होतं!

अरे, नावं ठेवणं हीच तर माझी पद्धत! नाव दिल्याशिवाय खेळाडू पब्लिकच्या लक्षात राहत नाही. जाड्या मनोजला बावीस वर्षांत कोणी मनोज म्हटलं नाही, 'पाण्याची टाकी' म्हणतात, तो स्वतः टी-शर्टवर छापून घेतो. बुटक्या विकेटकीपरला 'गॅस सिलिंडर' म्हणालो, त्याने कधी तक्रार केली का? मग काळ्याला काळं म्हटलं तर एवढं काय!

आणि मी काय गोरा आहे? मी काळा, माझी आई काळी. तेजूने रंग माझाच घेतला. तिला लहानपणापासून 'डांबर' म्हणतो. 'डांबर, चहा आण गं.' आणते की! गेल्या वर्षी निफाडची मंडळी तिला पाहायला आली, तेव्हा ती पोहे घेऊन यायच्या आत मीच म्हणालो, 'लाइट लावा रे, आमची मुलगी येतेय!' सगळे हसले. दुसऱ्या कोणी बोलायच्या आत आपणच बोलून टाकलं की त्यांना तोंड उघडायला जागा राहत नाही. मी तिला वाचवतो अशाने. स्थळ जमलं नाही ते वेगळं. पण तेजूसुद्धा हसली होती.

बुधवार, ११ फेब्रुवारी

कंपनीत कालपर्यंत टाळ्या देणारे आज मान खाली घालून मशीन पुसत होते. योगायोग नाही हा. दुपारी कळलं की ग्रुपवरची क्लिप सगळ्यांनी डिलीट केली. एचआरच्या मॅडम जिन्यात भेटल्या, नुसतं "बोरस्ते…" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्या 'बोरस्ते'चा अर्थ काय, हे दिवसभर लावतोय.

हे केलं कोणी? मोझेसला मराठी येत नाही. मैदानात तर तो हसत होता. म्हणजे कोणीतरी नंतर कान भरले. नाशिक रोडचा गोटीराम! त्याचा डोळा लीगच्या माइकवर दोन वर्षांपासून आहे. संध्याकाळी त्याचा फोनही आला – "योगेशभाऊ, टेन्शन घेऊ नका." टेन्शन घेऊ नका म्हणणाराच टेन्शन देतो.

बीपीची गोळी दोनदा घेतली की काय, आठवत नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

अण्णांच्या दुकानात तक्रार वाचली. दोन पानं, इंग्रजीत. माझं प्रत्येक वाक्य आधी मराठीत, खाली इंग्रजीत, आणि खाली मराठी माणूस हे कधी, कोणाला म्हणतो याचा खुलासा. अण्णांच्या मुलाने अर्थ सांगितला. खोटं कशाला बोलू – लिहिणाऱ्याला शब्दांची जाण आहे. वखारीचं, साबणाचं, सगळं बरोबर पकडलंय. गोटीरामला एवढं इंग्रजी येत नाही. म्हणजे त्याने कोणाकडून तरी लिहून घेतलं.

तक्रारीत सात वाक्यं आहेत.

रविवारी मी इथे सहाच लिहिली. सातवं विसरलो नव्हतो. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तरी लिहिलं नाही. आता लिहितो. ड्रिंक्सला दोन्ही टीमना केळी वाटली. मी माइकवर म्हणालो, 'याला दोन द्या, घरची आठवण येईल.' मग मैदानाच्या कडेला बसलेल्या पोरांनी माकडाचे आवाज काढले. साली फेकल्या. मी त्यांना थांबवलं नाही. माइक माझ्या हातात होता. मी पुढच्या ओव्हरचा स्कोअर सांगितला.

तेव्हाही तो हात हलवत होता.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

अण्णा म्हणाले, लेखी माफी द्या, इंग्रजीतही द्या, कॉलेज शांत झालं की माइक तुमचाच. इंग्रजीचं तेजूला सांगितलं. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये परदेशी गिऱ्हाइकांची सगळी पत्रं तीच लिहिते. द्राक्षांचा सीझन, आठ वाजता दमून आली होती, तरी लॅपटॉप उघडून बसली.

मी सांगू लागलो – "खेळाच्या ओघात, केवळ मनोरंजनाच्या हेतूने, माझ्या बोलण्याने कोणाचं मन दुखावलं असेल तर…"

"'असेल तर' काढते."

"का?"

"दुखावलंय ना बाबा. मग 'असेल तर' कशाला?"

मग 'ओघात' काढलं. मग 'मनोरंजनाच्या हेतूने' काढलं. मी म्हटलं, उरलं काय? म्हणाली, "तीन ओळी. पुरतात."

तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, बापाची अब्रू चाललीय म्हणून हिला वाईट वाटतंय. सहज म्हणालो, "डांबर, तू नसतीस तर माझं काय झालं असतं!" तिने लॅपटॉप मिटला आणि आत गेली.

मोहिनी भांडी विसळत होती. पाठ न वळवता म्हणाली, "निफाडचे आले होते तेव्हा ती हसली नव्हती हो. तिने ओठ दाबून धरले होते. मी शेजारीच उभी होते."

मग एवढे दिवस बोलली का नाही ही? मी चिडलो. चिडून काय उपयोग, झोप तर गेलीच.

शनिवार, १४ फेब्रुवारी

पत्र द्यायला स्वतः गेलो. पाथर्डी फाट्याजवळ मोझेस तिघांबरोबर खोली करून राहतो. खाली घरमालकाला कोणाकडे जायचं ते सांगितलं, तर त्याने जिन्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "त्या हबशाकडं व्हय?" एरवी मी हसलो असतो.

पोरगा वीस-एकवीसचा. जवळून एवढा लहान दिसतो! खुर्ची मला दिली, स्वतः कॉटवर बसला. पत्र वाचलं. घडी घालून वहीत ठेवलं. 'इट्स ओके' म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. ते तो म्हणाला नाही. कशाला म्हणावं त्याने.

मग त्याच्या हिंदीत म्हणाला, "सर, मैं सोचा आप मेरा तारीफ करता है. मेरा नाम बोला, सब लोग खुश हुआ. इसलिए मैं हात किया." पुढे म्हणाला, "मम्मी को विडिओ भेजा था मैंने. देखो, इंडिया में लोग मुझे कितना चाहता है."



विचारू नये ते विचारलंच – तुला सांगितलं कोणी? नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की मॅच संपल्यावर एक मुलगी मैदान ओलांडून सरळ त्याच्याकडे आली. आधी सॉरी म्हणाली. मग त्याने मागितला म्हणून एकेका वाक्याचा अर्थ सांगितला. सांगताना तिला काही आठवावं लागत नव्हतं. आणि ती रडत होती.

मुलगी! म्हणजे गोटीराम नव्हे. कॉलेजातलीच कोणी असेल. येताना गाडी दोनदा बंद पडली, का माझाच क्लच सुटत होता कोण जाणे.

रविवार, १५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. त्र्यंबक रोड जाम, अण्णा मीटिंगला तासभर उशिरा आले. साबुदाण्याची खिचडी समोर गार होत होती.

माइक माझाच! कॉलेजने पत्र स्वीकारलं. ज्याच्यावर मी एवढे दिवस संशय घेतला तो गोटीरामच माझ्या बाजूने बोलला – "बावीस वर्षं माइकवर असलेला माणूस आहे, एकदा चुकला." मला त्याच्याकडे बघवेना. निघताना अण्णांनी पाठीवर थाप मारली – "रंगावर नको आता, पण थोडी मजा ठेवा हं बोरस्ते. नाहीतर पब्लिक यायचं नाही." सगळे हसले. मीही हसलो.

आठवडाभर ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते मिळालं. आनंद व्हायला हवा होता. गाडीत बसून मोठ्याने स्वतःशी सराव केला, मार्चसाठी. तोंडातून एकही वाक्य निघालं नाही. नाव न ठेवता मला कोणाबद्दल बोलताच येत नाही की काय?

तेजू दिवसभर पॅकहाउसवर. कंटेनर निघायचाय म्हणे. उद्या सकाळी सांगेन.

सोमवार, १६ फेब्रुवारी

सकाळी चहाला सांगितलं, माइक मिळाला. मोहिनी "बरं झालं" म्हणाली. तेजू डबा भरत होती. झाकण लावून म्हणाली, "मोझेसला मी सांगितलं होतं. तक्रारही मीच लिहून दिली."

म्हटलं, "अगं पण त्याला तर काही कळलंच नव्हतं. हसत होता तो. कशाला सांगितलंस?"

"त्याला मराठी येत नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "मला येतं."