घराण्याच्या दुखण्यांचा तक्ता

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (टाके जेवढं वाकू देतात तेवढाच). दवाखान्यात मी फुकट म्हणून दिलेल्या माहितीची खरी किंमत आधी सांगतो: दोन तास, एक नळी रक्त आणि आपल्या घराण्याने चाळीस वर्षं जपलेली झाकपाक. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजी अजून पथ्य सांगणाऱ्यावर डाफरतात का?

आतड्याचं ऑपरेशन छान झालं. घरी सोडण्याआधी मला एका खोलीत नेलं. तिथल्या माहितीवाल्या बाईंनी समजावलं, की लाखो कॅन्सर रुग्णांचे रिपोर्ट, रक्त आणि घरातली दुखणी कंप्युटरवर एकत्र केली, की एका डॉक्टरला जन्मभरात दिसणार नाही ते दिसतं: कुठल्या घरात हा पुन्हा येतो, कुणाला आधीच तपासावं, कुणाला कुठलं औषध लागू पडेल. मला पटलं. हजार कुलपं उघडलेल्या माझ्यासारख्या किल्लीवाल्याच्या हाताला पुढचं कुलूप आपोआप कळतं, तसंच हे. छाती पुढे काढून म्हटलं, बाई, बिनधास्त विचारा, मी आजार कुणापासून लपवत नाही.

त्यांनी विचारलं, वडील कशाने गेले? म्हटलं, दमले. आत्या? हाय खाल्ली. मोठे काका? प्रवास बाधला. (आपल्याकडे हेच सांगायची रीत. त्या दुखण्याचं नाव घेतलं की ते घर धरतं, असं आई मानायची.) बाईंनी सगळं निमूट टाइप केलं. मी बाहेर बाकावर बसलो. कुलपांना कान लावून लावून माझे कान तयार झालेत, त्यामुळे पार्टिशनपलीकडचं स्वच्छ ऐकू आलं. बाई डॉक्टरसाहेबांना सांगत होत्या, या घराण्यात आजारी कुणी पडलंच नाही, सगळे नुसते दमून गेले. दोघं हसले. मीही हसलो. मग साहेब म्हणाले, तसं असेल तर यांच्या भावंडांची काळजी नाही, त्यांना लवकर बोलवायला नको.

ताई, माझी भावंडं म्हणजे तू एकटी.

उठून आत गेलो आणि आठवेल ते सांगितलं: वडिलांचा बंद दरवाजा, चादरीखालचं रबरी कापड. पुढचं काही येईना. मला तेव्हा खेळायला पिटाळायचे. भांडं उचलायला तू असायचीस. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “काका, कंप्युटरला तुम्ही सांगाल तेवढंच दिसतं हो.”

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो गुडघ्यांसकट सांभाळ.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत तक्ता आहे. वडील, आत्या, काका, तिघांपुढे दुखण्याचं खरं नाव आणि तेव्हाचं वय लिही. तुला सगळं ठाऊक आहे.

ता. क. २. चौथी ओळ तुझी. गेल्या वर्षी शौचातून रक्त पडलं, ते तू ‘उष्णता असेल’ म्हणून हसण्यावारी नेलंस. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहाला, तुझी तपासणीची वेळ घेतली आहे. आदल्या दिवशी न्यायला येतो. रुसलीस तरी चालेल, पण चल.

ता. क. ३. तक्ता घरच्या पत्त्यावरच पाठव. दुकानात सगळ्यांना मी हर्नियाचं ऑपरेशन झालं असं सांगितलंय.