माझी उरलेली आजारपणाची रजा

काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावर सही घेतली, की भुलीतून उठले नाही तर त्यांच्यावर बोल नाही. सही केली तेव्हा काही वाटलं नाही, घरी आल्यावर तेच डोक्यात फिरत राहिलं. उद्या पोटाचं ऑपरेशन आहे, म्हणून हे लिहून ठेवते. मी शुद्धीत आहे, ताप नाही, कुणी मागे लागलेलं नाही. लिहितेय ते माझ्या मनाचं आहे. शाळा थोडीच झाली, अक्षराला हसू नका.

पहिली माझी लेक, चिमी. मी नसले तर ती माझ्या धाकट्या भावाकडे राहील. तो ट्रक चालवतो, पण वहिनी घरी असते आणि पोरीला जीव लावते. चिमीच्या बापाकडे द्यायची नाही. त्यांनी दुसरा संसार मांडला, मांडू दे. जाताना कुकर घेऊन गेले, झाकण इथंच राहिलं. ते मी आजवर मुद्दाम दिलं नाही. आता देऊन टाका, नुसत्या कुकरचं बिचारे काय करणार. पण लेक नाही.

चिमीला झोपताना कुणाचा तरी कान धरायला लागतो. धरू द्यावा. वेणी घट्ट घालू नये.

शिलाई मशीन वहिनीला. पट्टा सारखा निसटतो, तेवढं सांभाळून घे गं.

आता लॉन्ड्रीचं. मी हॉटेलांच्या चादरी धुतात तिथे घड्या घालायला आहे. आजारी पडलं की पगार कापायचे, म्हणून आम्हा बायांची एक रीत होती. जी घरी पडली तिचा हजेरीचा बिल्ला दुसरीने खिळ्याला टांगायचा आणि तिच्या वाटच्या चादरी सगळ्यांनी मिळून उरकायच्या. माझा बिल्ला इस्त्रीवाल्या मावशी टांगायच्या. मी घरी पोट धरून लोळतेय आणि तिकडे खिळ्यावर हजर!

मग सरकारने कायदा केला, आजारी माणसाला भरपगारी रजा. मी साहेबांकडे मागायला गेले, आमच्यातली पहिलीच. त्यांनी हजेरी बघितली.

"अगं, तू तर कधी आजारीच पडली नाहीस. कायदा आला आणि लगेच पोट दुखायला लागलं होय?"

खरं बोलले तर मावशींची नोकरी जायची. तेवढ्यात मावशीच घाम पुसत आत आल्या.

"साहेब, तिचा बिल्ला मी टांगत होते. काढायचं तर मला काढा, पण पोरीला दवाखान्यात जाऊ द्या."

"म्हणजे आता उद्यापासून सगळ्याच आजारी पडणार?"

"पडतोच की साहेब. आता सांगून पडू."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यावर नेलं आणि सही केली. मावशींना काढलं नाही. बिल्ले तेवढे बंद झाले.

तर माझी जी रजा उरेल ती मी मावशींना देते. त्यांचे गुडघे गेलेत आणि तरी "मला काय धाड भरलीय" म्हणत दिवसभर उभ्या असतात. रजा अशी देता येते का मला ठाऊक नाही. येत नसेल तर कायदा करणाऱ्यांनी बघावं.

लॉन्ड्रीतल्या बायांनो, मी गेले तर 'रजा घेतली आणि मेली' असं कुणी म्हणायचं नाही. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "इतके दिवस काय करत होतीस?" काय सांगणार? चादरींच्या घड्या घालत होते. रजेने काही होत नाही, उशीर झाला त्याने होतं. माझ्याकडे बघून घाबरू नका. दुखलं की त्याच दिवशी जा.

साक्षीदार: शेजारच्या शिवणकामवाल्या ताई (सही). कोपऱ्यावरचे दुकानदार काका (सही). मावशींना साक्षीला घेतलं नाही. ज्याला काही मिळतं त्याची सही चालत नाही, असं काका म्हणाले.

ठिकाण: जिन्याखालची आमची खोली. तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सकाळी. लिहिणार: चिमीची आई (सही).

हे ज्याच्या हाती लागेल त्याने माझ्या भावाला फोन करा. नंबर दाराच्या मागे खडूने लिहिलाय. ऑपरेशनचं त्याला मी सांगितलेलं नाही, माल वाटेत टाकून आला असता. त्याने फोन उचलला की लगेच काही बोलू नका. आधी गाडी कडेला घ्यायला सांगा.