तुझ्या बोटाला कळेल

मुलुंड, गुरुवार

आये,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

ऑफिसच्या कामाला बाहेर चाललेय, हे खोटं होतं. मी वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. घाबरू नकोस, चालते-फिरते. मैत्रीण निधी सोबत आहे.

तिसरं स्थळ परत गेलं तेव्हा तू देवासमोर रडलीस, ते मी ऐकलं होतं.

आता चार चमचे पेजेतच पोट भरतं. गावी आले की ‘अजून घे गो’ म्हणू नकोस. मला तुला नाही म्हणायला जमणार नाही.

बाबांचा गुडघा कसा आहे?

लहानपणी पोट दुखलं की तू बेंबीत तेल जिरवायचीस ना, तिथूनच एक छेद घेतलाय. व्रण आत लपतो, कुणाला दिसणार नाही म्हणतात. तुझ्या बोटाला मात्र कळेल, म्हणून आधीच सांगितलं.

तुझीच,
श्रुतिका